दुसऱ्यांदा बंद केलेली खिडकी

“अंकल आज स्वतःचाच नियम मोडतायत, लाह,” हाफिझ कॅमेऱ्यामागून त्याच्या मदतनिसाला हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात नुसतं कौतुक होतं.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही बाराजण अंग चोरून उभे होतो. आमच्या दिग्दर्शकांनी, टॉर्बननी, नुकतंच सांगितलं होतं की आता खिडकीचा सीन घ्यायचा. रोझी आंटी खिडकी बंद करते, वळते आणि दारातल्या म्हाताऱ्या पाहुण्याला म्हणते, “फार उशीर केलास.” एवढाच सीन. आणि तो आम्ही आठ दिवसांपूर्वी घेतलेला होता.

घेतलेल्या सीनकडे टॉर्बन कधी परत जात नाहीत, हे सेटवर चहा देणाऱ्यालाही माहीत होतं. एक टेक, फार तर लगेच दुसरा. “पुन्हा केलं की नाटक होतं,” असं ते म्हणायचे. त्यामुळे हाफिझला वाटलं की आज काहीतरी मोठं घडतंय. रोझी आंटी तर खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली बाई ती. आपल्याला पुन्हा संधी मिळाली म्हणून तिने घाईने केस सारखे केले.

टॉर्बन माझ्या शेजारी आले, खिडकीकडे बघत राहिले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “बरं झालं हा सीन आपण मागे ठेवला. आधी उरकला असता तर हा प्रकाश मिळाला नसता.”

माझ्या हातात वही होती. त्या वहीत आठ दिवसांपूर्वीची नोंद होती: खिडकी उजव्या हाताने बंद, पडदा अर्धा, एक टेक, मंजूर. मी वही मिटली.

मी कंटिन्युइटी बघते. सिनेमा उलटसुलट क्रमाने घेतला जातो. दार उघडल्याचं आज, तर त्याच दारातून आत आल्याचं तीन आठवड्यांनी. तेव्हा कप कोणत्या हातात होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की नाही, हे एका माणसाने बघून लिहून ठेवायचं असतं, आणि काही चुकत असेल तर तिथल्या तिथे सांगायचं असतं. बघणं मला लहानपणापासून येतं. सांगणं नाही. शाळेत प्रत्येक प्रगतिपुस्तकावर शेरा असायचा की मुलगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. आई तो शेरा मराठीत करून बाबांना वाचून दाखवायची, जणू त्यांना इंग्रजी येतच नव्हतं.

टॉर्बन हे नाव मी पॉलिटेक्निकमध्ये असताना ऐकलं. सरांनी त्यांचा दुसरा सिनेमा दाखवला होता. त्यात एक बाई अकरा मिनिटं बटाटे सोलते. कट नाही, संगीत नाही. अर्धा वर्ग फोनवर होता. ती बाई मध्येच थांबते, सुरी फडक्याला पुसते आणि पुढचा बटाटा घेते. त्या पुसण्यात मला कळलं की ही आता नवऱ्याकडे परत जाणार नाही. घरी येताना एमआरटीत माझं बेडोक स्टेशन मागे पडलं तरी मला कळलं नाही.

डेन्मार्कमध्ये म्हणे त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. ते स्वतः मात्र आपली कारकीर्द जेवणावरून सांगायचे. “पहिला सिनेमा माशाच्या सूपावर झाला. वडिलांच्या मासे वाळवायच्या शेडमध्ये, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर. दुसऱ्याला रोज थंड सॉसेज, आणि त्यालाच फ्रान्समध्ये मोठं बक्षीस मिळालं. तिसऱ्याला फार चांगला स्वयंपाकी मिळाला होता. सिनेमा आपटला.” त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना कोणी सिनेमा दिला नाही. टूथपेस्टच्या जाहिराती केल्या. “दात माणसांपेक्षा बरे,” ते म्हणायचे, “सांगितलं तसे चमकतात.” मग एका फेरीबोटीवरचा सिनेमा केला आणि लोक पुन्हा त्यांना थोर म्हणू लागले. त्या सिनेमाच्या वेळी काय जेवलात, असं हाफिझने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “काही नाही. बोट लागायची ना.”

सिंगापूरला ते पहिल्यांदा आले ते मालवाहू जहाजावर कामाला असताना, विशीच्या आत. जहाज दुरुस्तीला लागलं आणि यांना ताप आला. एका बाईने खोली दिली, तीन आठवडे भाताची पेज पाजली. जहाज सुटायच्या सकाळी हे तिला न सांगताच निघाले. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पन्नासहून जास्त वर्षांनी त्या बाईवर सिनेमा करायला ते आले होते. हा आपला शेवटचा सिनेमा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

निर्माती वेई लिंग मला त्यांच्याकडे घेऊन गेली तेव्हा ते कॉफीशॉपमध्ये काया टोस्ट, म्हणजे नारळाचा गोड जॅम लावलेला पाव, खात होते. वरचा पाव उचलून त्यांनी बाजूला ठेवला होता आणि खालचा सुरीकाट्याने कापून खात होते. “पावावर झाकण कशाला?” असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या देशात म्हणे पाव उघडाच असतो. काय खातोय ते दिसलं पाहिजे. मग म्हणाले, “आता मागे वळ आणि या टेबलावर काय आहे ते सांग.”

मी पाठ फिरवून सांगितलं. दोन अर्धी उकडलेली अंडी, त्यातलं एक न फोडलेलं. चष्म्याची डावी काडी टेपने जोडलेली. बशीखाली दुमडलेला कागद, बशी डुगडुगू नये म्हणून.

“चांगलं आहे की वाईट, ते नाही सांगितलंस,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाही.”

ते वेई लिंगकडे वळून हसले. “हिला घ्या. बोलणाऱ्या माणसांना दिसत नाही.”

वेई लिंग म्हणाली, “ओके, कॅन, घेऊ. पण कंटिन्युइटीला बोलावं लागतं, हां.”

ती बरोबर होती.

काम करताना त्यांची एक विचित्र सवय होती. टेक सुरू झाला की ते नटांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मॉनिटरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. नुसतं ऐकायचे. संपलं की माझ्याकडे यायचे. “काय दिसलं?” कसं वाटलं, असं कधीच नाही. एकदा मी “छान होतं” म्हणाले, तर म्हणाले, “छान मला ऐकू आलं. तुला दिसलं काय?” मग मी सांगायची, वळताना आंटीने आधी डोळे वळवले, मग मान. ते डोकं हलवायचे आणि पुढच्या सीनला लागायचे. मला वाटतं, माझं म्हणणं इतक्या शांतपणे आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आणि मी चुकले तेव्हा काय झालं, तेही लिहायला हवं. रोझी आंटी दार उघडते तेव्हा तिच्या कानात मोत्याची कुडी होती. चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या लगेच पुढचा स्वयंपाकघरातला सीन घेतला तेव्हा कान मोकळे होते. माझ्या वहीत कुडीची नोंदच नव्हती. वेई लिंगच्या लक्षात आलं तेव्हा दारातला सेट मोडून झाला होता. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “हे कोणी बघायचं होतं?” माझे कान तापले. मी वहीची पानं मागे उलटत राहिले.

“मी काढायला सांगितली,” टॉर्बन भिंतीजवळून म्हणाले.

“तुम्ही?”

“मी. दार उघडल्यावर ती आत जाते आणि कुड्या काढून ठेवते. त्याचा एक शॉट राहिलाय. आत्ता घेऊ.”

आणि त्यांनी खरोखरच तो घेतला. पेजेच्या चमच्याशेजारी बशीत आंटी एकेक कुडी काढून ठेवते. तो पाहुणा येणार म्हणून ती नटली होती आणि आता तिला त्याची लाज वाटते आहे, हे कोणीही न सांगता समजतं. मी टॉर्बनचे आभार मानायला गेले, तर ते म्हणाले, “आभार कसले? तू चुकलीस म्हणून मला ती बाई कळली.”

खिडकीच्या त्या दिवशी आंटीने दुसऱ्यांदा खिडकी बंद केली. टॉर्बन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मग माझ्याकडे आले. काय दिसलं, ते मी सांगितलं. पडदा, हात, मान. हा सीन आपण आठ दिवसांपूर्वी घेतलाय, हे सोडून सगळं.

रोज शूटिंग संपलं की मला रिपोर्ट लिहावा लागायचा. कोणता सीन, किती टेक, काय अडचण. तो वेई लिंगला जायचा, एडिटरला जायचा, आणि रॅफल्स प्लेसच्या विमा कंपनीलाही. सत्तरी ओलांडलेल्या दिग्दर्शकाच्या सिनेमाला विमा देताना कंपनी दुसऱ्या दिग्दर्शकाचं नाव आधीच करारात लिहून घेते. म्हाताऱ्याला काही झालं तर त्याने सिनेमा पुरा करायचा. हे मला माहीत होतं. त्या दिवशीच्या रिपोर्टात मी लिहिलं: ‘दिग्दर्शकांच्या इच्छेनुसार पुन्हा.’

दुसऱ्या सकाळपासून मी त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्यायला लागले. काय झालं, काय राहिलं. इथली तशी पद्धतच असावी, असं त्यांना वाटलं. “सिंगापूर फार नीटनेटकं आहे,” ते चिठ्ठी खिशात घालत म्हणाले. मी मान डोलावली. आपण त्यांना सांभाळून घेतोय, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी त्यांच्याशी बोलणं टाळत होते.

एका रविवारी आईने त्यांना दुपारी जेवायला बोलावलं. आईने थालीपीठं लावली होती. टॉर्बननी बूट दाराबाहेर काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. थालीपीठ ताटात सपाट ठेवून त्यांनी त्यावर काकडीची कोशिंबीर पसरली, त्यावर लोणचं, त्यावर लोणी, आणि सुरी मागितली.

“अगं सई, सांग ना त्यांना, तोडून खायचं असतं,” आई कुजबुजली.

“खाऊ दे गं. त्यांच्याकडे असंच खातात.”

“लोणचं केवढं घेतलंय! जळजळेल.”

जळजळलं नाही. त्यांनी तीन खाल्ली. बाबांना त्यांनी भाताच्या पेजेची गोष्ट सांगितली, त्या बाईची. बाबा सारखे डोकं हलवत होते. वीस मिनिटांनी, आई ताक घेऊन आली तेव्हा, त्यांनी तीच गोष्ट बाबांना पहिल्यापासून सांगितली. तेच शब्द, त्याच जागी तेच हसणं. बाबा पुन्हा तितक्याच वेळा डोकं हलवत राहिले.

ते गेल्यावर आई ताटं उचलता उचलता म्हणाली, “माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं.”

मी ताकाचे पेले गोळा केले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही.”

“अगं, निदान त्यांना तरी सांग! माणसाला आपलं आपल्याला कळायला नको का? अजून सगळं शाबूत आहे तोवर सांगितलं तर काहीतरी करतील ते. तुझं ऐकतात ना?”

“एवढा मोठा माणूस आहे, आई. मी कशी सांगू?”

“तोंडाने,” आई म्हणाली आणि नळ सोडला.

क्वीन्सटाउनचा फ्लॅट आमच्याकडे शुक्रवारपर्यंतच होता. शुक्रवारी पेजेचा सीन होता, ज्याच्यासाठी हा सगळा सिनेमा. त्या सकाळी टॉर्बननी माझी चिठ्ठी न वाचताच खिशात घातली, खोलीभर फिरले, खिडकीशी थांबले आणि म्हणाले, “आधी खिडकीचा घेऊ.”

आता हाफिझही हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी दोन पावलं टाकून त्यांच्यापर्यंत जायचं होतं. खोली केवढीशी. मी वहीत तारीख लिहिली.

आंटीने तिसऱ्यांदा खिडकी बंद केली आणि वळली, तर तिच्या तोंडून वाक्यच बाहेर पडेना. “मी काय चुकतेय, लाह?” ती रडकुंडीला आली. “दोनदा केलं. अंकलना आवडतच नाही!” टॉर्बन तिच्याजवळ गेले, तिचा हात हातात घेतला. ‘दोनदा’ म्हणजे तिला काय म्हणायचंय, ते त्यांना समजलं नाही. इंग्रजीचा घोळ असेल असं वाटलं असावं. तिला धीर येईपर्यंत दुपार झाली, मग प्रकाश गेला. पेजेचा सीन राहिला.

वेई लिंग आली ती तडक माझ्यापाशी. “सई, कंटिन्युइटी तू आहेस. तिसऱ्यांदा घेतायत, हे तुझ्याही लक्षात नाही आलं? तू त्यांना सांगितलंस की नाही?”

सगळे ऐकत होते. टॉर्बन खाली गेले होते.

“सांगितलं,” मी म्हणाले.

आणि संध्याकाळी तेच रिपोर्टात लिहिलं. इंग्रजीत अशी वाक्यं फार सहज लिहिता येतात. कोणी केलं ते सांगावं लागत नाही. ‘सीन तिसऱ्यांदा घेतला. आधी दोनदा घेतल्याचे दिग्दर्शकांना आठवत नव्हते. त्यांना आठवण करून देण्यात आली होती.’ पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं मी स्वतःला वाचवायला लिहिलं.

सोमवारी रॅफल्स प्लेसहून बोलावणं आलं. डॉक्टर, तपासण्या, पुन्हा डॉक्टर. वेई लिंग त्यांच्या बाजूने भांडली, असं ऐकलं. चुकून एखादा सीन पुन्हा घेतला असता तर निभावलं असतं. शेजारी एखादा सहायक देऊन सिनेमा पुरा करू, असं तिने सुचवलंही. पण सांगूनही माणूस ऐकत नाही, सांगितलेलं त्याच्या डोक्यात टिकतच नाही, त्याला कंपनी तयार नव्हती. त्या तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी हे सांगितलं. दहा दिवसांत करारातला दुसरा दिग्दर्शक कोपनहेगनहून आला. चांगला माणूस आहे. मॉनिटरसमोर बसतो. पेजेचा सीन त्याने, फ्लॅट पुन्हा भाड्याने घेऊन, चौदा टेकमध्ये घेतला.

टॉर्बन परत जाणार त्याच्या आदल्या सकाळी वेई लिंगने मला त्यांच्याकडे कागद घेऊन पाठवलं. दोन सह्या राहिल्या होत्या. त्यांनी दार उघडलं. पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्याभोवती शर्ट एकावर एक न ठेवता सुटे पसरलेले होते, सगळे दिसतील असे. त्यांनी सह्या केल्या. चहा केला. मला खुर्ची दिली आणि स्वतः बॅगेशेजारी बसले.

“तू बरोबर केलंस,” ते म्हणाले. “कोणीतरी लिहायलाच हवं होतं. मला राग नाही.”

मी कपाकडे बघत राहिले.

“एक विचारू? वेई लिंगने मला तो कागद वाचून दाखवला. विसरलो, ते कळलं. म्हातारा झालो, विसरणारच. माझी मुलगी म्हणते, इतक्या लवकर समजलं हे बरंच झालं. पण मला आठवण करून दिली होती, असं त्यात आहे.” ते थांबले. “तो क्षण मला सापडत नाही, सई. दोन आठवडे शोधतोय. रात्री उठून बसतो. ती खोली मला पूर्ण आठवते. आंटीचा निळा झगा, हाफिझचा घामेजलेला शर्ट, तू दाराशी. कोणीतरी माझ्याजवळ येतं आणि सांगतं, टॉर्बन, हा सीन झालाय. ते माणूस मला दिसत नाही. आवाजही नाही. मी भिंतीकडे तोंड करून आयुष्यभर ऐकत आलो आणि हे मला ऐकूच आलं नाही. मग आणखी काय काय गेलं असेल? मी सकाळी मुलीशी बोलतो आणि फोन ठेवल्यावर कागदावर लिहून ठेवतो की बोललो. खरं सांगायचं तर त्याचीच भीती वाटते. बाकीच्याची नाही.”

उशाशी तसे कागद होते. पाचसहा असतील. एकावर फक्त ‘चहा घेतला’ एवढं इंग्रजीत लिहिलेलं मला बसल्या जागेवरून दिसलं.

“तू लिहिलंस म्हणजे ते घडलंच असणार,” ते म्हणाले. “फक्त एवढं सांग, कोण होतं? चेहरा मिळाला तर कदाचित आठवेल.”

कोणाचंही नाव घेता आलं असतं. माझं स्वतःचंही. त्यांनी मानलं असतं, कागदावर लिहून ठेवलं असतं. उद्या विमान होतं. मी कप खाली ठेवला. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, तपासण्या झाल्यापासून लोक त्यांच्याकडे बघायचे तसं नाही. सेटवर ते माझ्याकडे बघायचे तसं, वाट बघत.

“कोणीच नव्हतं, टॉर्बन,” मी म्हणाले. “ते तुम्हाला आठवणार नाही, कारण तसं घडलंच नाही. मी सांगायला हवं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.”